रांग-जालांचे विश्लेषण

रांग-जालांचे विश्लेषण : ज्या व्यवस्थेत ग्राहकाला, मालाला किंवा कामाला एकापाठोपाठ अनेक सेवाकेंद्रांतून जावे लागते आणि प्रत्येक केंद्रापुढे रांग लागू शकते, अशा व्यवस्थेला रांगांचे जाल म्हणतात. एका केंद्रातून बाहेर पडलेला ग्राहक दुसऱ्या केंद्राचा आगंतुक ठरतो. कधी तो मागील केंद्राकडे परतही येतो. त्यामुळे प्रत्येक रांगेचा स्वतंत्र विचार पुरेसा होत नाही. जालातील प्रत्येक ठिकाणी सरासरी किती ग्राहक असतील, आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत किती वेळ जाईल व खोळंब्याचे मूळ कोणत्या केंद्रात आहे, हे संभाव्यता सिद्धांताच्या साहाय्याने ठरविणे हा या विश्लेषणाचा विषय होय. दूरध्वनी, कारखाने, संगणक, रुग्णालये व बंदरे यांत त्याचा उपयोग होतो.

महाराष्ट्रात अशा जालाचे परिचित उदाहरण म्हणजे कापूस खरेदीचे केंद्र. यवतमाळ हा विदर्भातील प्रमुख कापूस उत्पादक जिल्हा असून यवतमाळ, वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड इ. ठिकाणी कापसाचा व्यापार चालतो. महाराष्ट्र कच्चा कापूस अधिनियम, १९७१ अन्वये १९७२-७३ च्या हंगामापासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि शेतकऱ्याचा सर्व कापूस ठरलेल्या संकलन केंद्रांवरच येऊ लागला. केंद्राच्या फाटकाबाहेर लागलेली गाड्यांची रांग आणि गाडीखाली काढलेल्या रात्री हा त्या काळातील कापूस उत्पादकांच्या अनुभवाचा भागच बनला. २००२ नंतर एकाधिकार सैल होऊन खाजगी खरेदीला वाट मिळाली. तथापि बाजारभाव आधारभूत किंमतीच्या खाली गेला, की भारतीय कापूस निगमाच्या केंद्रांपुढे आजही तशीच गर्दी होते. गाडीचे भाडे, बैलांचा चारा, बुडालेली मजुरी आणि अवेळी पावसाची धास्ती यांमुळे येथे प्रतीक्षेची किंमत प्रत्यक्ष पैशांत मोजावी लागते.

केंद्रात शिरलेल्या गाडीचा क्रम सामान्यतः असा असतो : प्रथम प्रतवारीकार कापसाची जात, स्वच्छता व ओलावा तपासतो, मग भरलेल्या गाडीचे वजन होते, नंतर हमालांची टोळी कापूस गंजीवर रिकामा करते, रिकामी गाडी पुन्हा त्याच काट्यावर येते, शेवटी हिशेबनिसाकडे पट्टी होऊन चुकाऱ्याची नोंद होते. आधारभूत किंमतीच्या खरेदीत ८ टक्के ओलावा प्रमाण धरतात व १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात करून कापूस घेतात. त्याहून ओला कापूस स्वीकारत नाहीत. असा कापूस आवारात पसरून वाळविल्यास ती गाडी पुन्हा प्रतवारीच्या रांगेत येते. जालाची सर्व लक्षणे, म्हणजे मालिका, एकाच केंद्राला दोनदा भेट आणि परतीचा प्रवाह, येथे एकत्र सापडतात.

इतिहास : रांगांच्या गणिती अभ्यासाचा आरंभ डॅनिश गणितज्ञ आ. क्रा. एर्लांग (१८७८–१९२९) यांनी केला. कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत काम करीत असताना १९०९ मध्ये त्यांनी दूरध्वनी संभाषणांची आवक प्वासाँ वितरणानुसार होते असे दाखविले व १९१७ मध्ये खोळंब्याची आपली प्रसिद्ध सूत्रे मांडली. पोलाचेक व खिंचिन यांनी १९३० च्या सुमारास कोणत्याही वितरणाच्या सेवाकालासाठी एकेरी रांगेचे सूत्र दिले. केंडॉल यांनी १९५३ मध्ये रांगांचे वर्गीकरण दर्शविणारी संकेतपद्धती रूढ केली. जालांकडे लक्ष वळले ते यानंतर. र. रि. पी. जॅक्सन यांनी १९५४ मध्ये एकापुढे एक असलेल्या दोन रांगांचा विचार केला. बर्क यांनी १९५६ मध्ये रांगेतून बाहेर पडणाऱ्या प्रवाहाचे स्वरूप सिद्ध केले आणि १९५७ व १९६३ मध्ये जेम्स आर. जॅक्सन या अमेरिकन संशोधकांनी आज त्यांच्या नावाने ओळखले जाणारे प्रमेय मांडले. (दोन्ही जॅक्सन निराळे, पाठ्यपुस्तकांतही त्यांची गल्लत होते.) भारतीय संशोधकांपैकी नरहरी उमानाथ प्रभू यांचा रांगा व साठे यांवरील ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला.

एकेरी रांग : एका सेवकापुढील रांगेचे वर्णन दोन राशींनी होते. एकक काळात सरासरी किती ग्राहक येतात तो आगमन-दर व सेवक अखंड काम करीत राहिल्यास किती ग्राहक हातावेगळे करील तो सेवा-दर. पहिल्याला दुसऱ्याने भागले असता व्याप्ती मिळते. सेवक कामात असण्याचे ते प्रमाण होय. व्याप्ती १ हून कमी असेल तरच रांग स्थायी स्थितीला पोचते. ग्राहक यदृच्छया येत असतील (प्वासाँ प्रवाह) आणि सेवाकाल घातीय वितरणाचा असेल, तर केंद्रातील ग्राहकांची सरासरी संख्या (सेवा घेत असलेला धरून) पुढील सूत्राने मिळते :

सरासरी संख्या = व्याप्ती ÷ (१ − व्याप्ती).

या सूत्रातील छेद लक्षणीय आहे. व्याप्ती ०·५ असता केंद्रात सरासरी १ ग्राहक असतो, ०·८ असता ४, ०·९ असता ९ व ०·९५ असता १९. कामाचा भार शेवटी शेवटी थोडाच वाढला, तरी रांग झपाट्याने वाढते. सेवक थोडा वेळ रिकामा बसलेला दिसला म्हणजे त्याला काम कमी आहे, असा निष्कर्ष व्यवस्थापक नेहमी काढतात. वस्तुतः तो रिकामा वेळच रांगेला आवरून धरतो. खोळंब्याचे कारण आगमनातील व सेवेतील अनियमितपणा हे आहे. सेवाकाल अगदी एकसारखा ठेवता आला, तर रांगेतील सरासरी प्रतीक्षा घातीय सेवाकालाच्या मानाने निम्मी होते.

लिटल यांचा नियम : जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला हा नियम जालाच्या विश्लेषणातील सर्वांत उपयुक्त साधन आहे. कोणत्याही स्थायी व्यवस्थेतील ग्राहकांची सरासरी संख्या ही आगमन-दर व प्रत्येकाचा आत जाणारा सरासरी काळ यांच्या गुणाकाराइतकी असते. आगमनाचे वितरण कोणते, सेवक किती, क्रम कोणता, यांपैकी कशावरही तो अवलंबून नाही. केंद्रावर रोज १,२०० क्विंटल कापूस येत असेल आणि आवारातील गंज्यांत सरासरी ६,००० क्विंटल पडून असेल, तर कापूस जिनिंगला लागण्यापूर्वी सरासरी ५ दिवस थांबतो, हे घड्याळ न लावता सांगता येते.

जॅक्सन यांचे प्रमेय : जालात प्रथम प्रत्येक केंद्राकडे जाणारा एकूण प्रवाह काढावा लागतो. एखाद्या केंद्राकडे येणारा एकूण प्रवाह म्हणजे बाहेरून थेट येणारे ग्राहक अधिक इतर केंद्रांतून तेथे पाठविले जाणारे ग्राहक. प्रत्येक केंद्रासाठी असे एक समीकरण मांडल्यास साधी एकघाती समीकरणे मिळतात व ती सोडविली, की सर्व प्रवाह कळतात. बाहेरून येणारा प्रवाह प्वासाँ, सेवाकाल घातीय व परस्परांपासून स्वतंत्र, पुढील केंद्राची निवड ठराविक संभाव्यतेने होणारी आणि रांगेसाठी जागा अमर्याद, अशी गृहीते धरल्यास जॅक्सन यांचे प्रमेय सांगते, की जालाच्या संपूर्ण स्थितीची संभाव्यता ही निरनिराळ्या केंद्रांच्या संभाव्यतांचा गुणाकार असते. दुसऱ्या शब्दांत, विशिष्ट क्षणी प्रत्येक केंद्र जणू स्वतंत्र एकेरी रांग असल्याप्रमाणे वागते.

हा निष्कर्ष वाटतो तितका स्वाभाविक नाही. परतीचा मार्ग असलेल्या जालात केंद्राकडे येणारा एकूण प्रवाह प्वासाँ नसतो. एक गाडी परत आली, तर आधीच्या घडामोडींचा माग तिच्याबरोबर येतो. असे असूनही संभाव्यतांचा गुणाकार बरोबर ठरतो. प्रमेयाचे खरे वैशिष्ट्य हेच होय.

खरेदी केंद्राचे गणित : रीत स्पष्ट व्हावी म्हणून पुढील सोयीस्कर आकडे कल्पिले आहेत. फाटकातून ताशी १० गाड्या आत येतात. प्रतवारीला एका गाडीस सरासरी ४ मिनिटे लागतात, म्हणजे सेवा-दर ताशी १५. तपासलेल्या गाड्यांपैकी २० टक्के ओलाव्यामुळे परत जातात व आवारात सरासरी २ तास कापूस वाळवून पुन्हा रांगेत येतात. काट्यावर एका वजनास सरासरी २·४ मिनिटे (ताशी २५) लागतात. हमालांच्या ३ टोळ्या असून एक गाडी रिकामी करण्यास एका टोळीस १५ मिनिटे लागतात. हिशेबनिसास एका पट्टीस ५ मिनिटे (ताशी १२) लागतात.

प्रतवारीकडे येणारा प्रवाह १० नव्हे. तो १० अधिक त्या प्रवाहाचाच पाचवा हिस्सा, म्हणजे ताशी १२·५ होतो. व्याप्ती सुमारे ०·८३ व सरासरी संख्या ५. एकही गाडी परत गेली नसती, तर हीच संख्या २ असती. वाळवणाच्या जागी रांग नसते. तेथे ताशी २·५ गाड्या २ तास थांबतात, म्हणून लिटल यांच्या नियमाने ५ गाड्या सदैव सापडतील. काट्यावर भरलेल्या १० व रिकाम्या १० अशा ताशी २० गाड्या येतात. व्याप्ती ०·८, संख्या ४. तीन टोळ्यांच्या केंद्राला एर्लांग यांचे अनेक सेवकांचे सूत्र लावल्यास सुमारे ६ गाड्या मिळतात. हिशेबनिसापुढे ५. एकूण २५ गाड्या. ताशी १० गाड्या आत येत असल्याने एका गाडीचा सरासरी काळ २५ ÷ १० म्हणजे अडीच तास. त्यांपैकी प्रत्यक्ष कामाचा वेळ सुमारे अर्धा तास, वाळवणाची सरासरी अर्धा तास आणि उरलेला दीड तास निव्वळ प्रतीक्षा.

आता फाटकावरील आवक केवळ दहा टक्क्यांनी वाढून ताशी ११ झाली असे धरू. प्रतवारीपुढे ११, वाळवणात ५·५, काट्यावर सु. ७·३, टोळ्यांकडे सु. १२ व हिशेबनिसाकडे ११ गाड्या होतात. एकूण जवळजवळ ४७ गाड्या आणि सरासरी काळ सव्वाचार तास. आवक ताशी १२ झाली, की प्रतवारी, हमाली व हिशेब ही तिन्ही केंद्रे एकदमच पूर्ण व्याप्तीला पोचतात व स्थायी स्थिती उरत नाही. रांग वाढतच जाते.

उपाययोजनेची तुलना करण्यासाठीही हेच गणित वापरता येते. तक्रारी वाढल्या, की पहिली मागणी बहुधा दुसऱ्या काट्याची असते, कारण काट्याची रांग सर्वांना दिसते. मूळच्या ताशी १० गाड्यांच्या आवकीत दुसरा काटा बसविल्यास काट्याजवळील गाड्या ४ वरून सुमारे १ वर येतात व प्रत्येक गाडीची सरासरी १८ मिनिटे वाचतात. चौथी हमाल-टोळी लावल्यास वाचणारा वेळ जवळजवळ तेवढाच. मात्र परत जाणाऱ्या गाड्यांचे प्रमाण २० वरून १० टक्क्यांवर आणले, तर प्रतवारीपुढील गाड्या २·९ व वाळवणातील २·२ होऊन सुमारे अर्धा तास वाचतो. कापूस घरीच नीट वाळवून आणणे किंवा ओलावा फाटकाबाहेर आधीच तपासणे हा नव्या काट्याहून स्वस्त व अधिक परिणामकारक उपाय ठरतो. परतीच्या प्रवाहाचा भार एकाच गाडीपुरता नसतो, तो तिच्या मागे उभ्या असलेल्या सर्वांवर पडतो.

प्रमेयाच्या मर्यादा : वरील गणितात काट्यावरून उतरलेली गाडी भरलेली की रिकामी याचा भेद जॅक्सन यांच्या मूळ प्रमेयात करता येत नाही. बॅस्केट, चंडी, मुन्ट्झ व पॅलासिओस या चौघांनी १९७५ मध्ये ग्राहकांचे निरनिराळे वर्ग असलेल्या जालांपर्यंत गुणाकाराचा नियम विस्तारला, तेव्हा ही अडचण दूर झाली. अट एवढीच, की प्रथम येणाऱ्यास प्रथम सेवा देणाऱ्या केंद्रात सर्व वर्गांचा सेवाकाल एकाच घातीय वितरणाचा असावा. रिकाम्या गाडीचे वजन भरलेल्या गाडीहून लवकर होत असेल, तर हे गणित अदमासाचे ठरते.

अधिक गंभीर मर्यादा आगमनाची आहे. शेतकरी दिवसभर यदृच्छया येत नाहीत. नंबर लागावा म्हणून ते आदल्या रात्रीच येऊन थांबतात, आणि दसरा-दिवाळीनंतरच्या आठवड्यांत आवक एकाएकी वाढते. अशा वेळी सरासरीचे सूत्र सोडून रांगेला वाहत्या पाण्याप्रमाणे मोजणे बरे. सकाळी फाटक उघडताना ८० गाड्या उभ्या आहेत, दिवसभरात ताशी ४ येतात व केंद्र जास्तीत जास्त ताशी १२ गाड्या घेऊ शकते असे मानल्यास रांग ताशी ८ ने घटते. आठ तासांच्या दिवसाअखेर १६ गाड्या उरतात. फाटक उघडल्यानंतर चार तासांनी येणाऱ्या गाडीपुढे ४८ गाड्या असतात व तिचा नंबर फाटक बंद होता होता लागतो. तिच्यामागून येणाऱ्यांना मुक्काम चुकत नाही. हे एकदा गावोगाव कळले, की लोक आणखी लवकर येऊ लागतात आणि सकाळची रांग अधिकच लांबते. ही वागणूक जालाच्या समीकरणांत बसत नाही. परंतु ती अविचारी आहे असेही म्हणता येत नाही.

तिसरी मर्यादा जागेची. वरील केंद्रात गाडीमागे १५ क्विंटल धरल्यास आठ तासांत १,२०० क्विंटल कापूस येतो. जिनिंगची क्षमता दिवसाला १,००० क्विंटल (सु. २०० गाठींची रुई; एक गाठ १७० किग्रॅ.) असेल, तर गंज्यांत रोज २०० क्विंटलांची भर पडते. आवारात ६,००० क्विंटल मावत असतील, तर रिकामे आवार तीस दिवसांत भरते. त्यानंतर टोळ्या मोकळ्या असूनही गाडी रिकामी करता येत नाही, काट्यावरून गाडी पुढे सरकत नाही आणि अडथळा मागे मागे सरकत फाटकाबाहेर पोचतो. याला अवरोध म्हणतात. अवरोध असलेल्या जालात संभाव्यतांचा गुणाकार सामान्यतः लागू पडत नाही. रस्त्यावरील शेतकऱ्याला फाटकावरचा माणूस दोषी वाटतो; कोंडी मात्र त्याला न दिसणाऱ्या जिनिंगच्या यंत्रांत, किंवा त्यांच्याही पुढे सरकी व गाठी उचलण्याच्या दिरंगाईत असते. अशा स्थितीत प्रतवारीकारांची संख्या वाढविणे निरर्थक होय.

नोंदणी करून ठराविक दिवशी गाडी बोलाविण्याची पद्धत यावर उपाय म्हणून वापरतात. २०२० च्या टाळेबंदीत केंद्रांवर रोज मर्यादित गाड्यांनाच बोलाविले गेले. २०२५-२६ च्या हंगामासाठी भारतीय कापूस निगमाने ‘कपास किसान’ या भ्रमणध्वनी अनुप्रयोगाद्वारे नोंदणी व वेळेचे आरक्षण सुरू केले. या पद्धतीने आगमनातील अनियमितपणा घटतो व फाटकावरील रांग आखूड होते. मात्र केंद्राची क्षमता त्यामुळे वाढत नाही. आवक क्षमतेहून अधिक असेल, तर लिटल यांच्या नियमानुसार प्रतीक्षा नाहीशी न होता फाटकावरून घराकडे सरकते. घरची प्रतीक्षा भाड्याच्या गाडीखालच्या प्रतीक्षेहून पुष्कळ स्वस्त आहे, हा लाभ खरा. ज्याला देणी भागविण्यासाठी चुकारा लगेच हवा आहे, त्याला तो तितकासा जाणवत नाही आणि तो व्यापाऱ्याला कमी भावात कापूस देऊन मोकळा होतो.

बंद जाले : काही जालांत बाहेरून कोणी येत नाही व आतून कोणी जात नाही; ठराविक संख्येचे ग्राहक आत फिरत राहतात. वणी तालुक्यातील उघड्या कोळसा खाणींसारख्या ठिकाणी खोदयंत्र आणि कोळसा उतरविण्याची जागा यांमध्ये फिरणारे डंपर हे अशा बंद जालाचे उदाहरण होय. गॉर्डन व न्यूएल यांनी १९६७ मध्ये बंद जालांसाठीही गुणाकाराचा नियम सिद्ध केला. ब्यूझेन यांनी १९७३ मध्ये त्यातील गणना संगणकाच्या आवाक्यात आणली, तर रायझर व लाव्हेनबर्ग यांनी १९८० मध्ये सरासरी मूल्यांवर आधारलेली सुटसुटीत रीत दिली. ढोबळ अंदाज मात्र हातानेही करता येतो. भरण्यास ४, उतरविण्यास ३ व जाण्यायेण्यास २० मिनिटे लागत असतील, तर एका फेरीस २७ मिनिटे होतात आणि खोदयंत्र ताशी १५ पेक्षा जास्त फेऱ्या कधीच भरू शकत नाही. २७ ला ४ ने भागता सुमारे ७ येतात. त्याहून जास्त डंपर लावल्यास कोळशात फारशी भर न पडता रांग वाढते. १० डंपर असल्यास प्रत्येक फेरी किमान ४० मिनिटांची होते व त्यांतील निदान १३ मिनिटे डंपर उभा राहतो.

बहुकार्यी संगणकातील प्रक्रियक व साठवण-तबकड्या यांचे वर्तन याच बंद जालासारखे असल्याने १९७० नंतर या शाखेची वाढ मुख्यतः संगणकशास्त्रात झाली. त्यापूर्वी १९६० च्या दशकात क्लाइनरॉक यांनी संदेशवहन जालांतील विलंबाचा अभ्यास जॅक्सन यांच्या प्रमेयाच्या आधारे केला होता. गुणाकाराचा नियम न पाळणाऱ्या जालांसाठी आगमन व सेवा यांची सरासरी व विचरण एवढ्याच माहितीवर प्रत्येक केंद्राचा अदमास काढण्याच्या रीती आहेत. किंगमन यांचे १९६१ चे सूत्र व व्हिट यांची १९८३ मधील पद्धत त्यांपैकी होत. अवरोध, पाळ्या, यंत्रांचे बिघाड, सुट्टीचे दिवस हे सर्व जमेस धरावयाचे असल्यास संगणकावर प्रतिरूपण करतात. त्यासाठी लागणारी माहिती साधी असते : प्रत्येक गाडी फाटकावर, प्रतवारीकडे, काट्यावर दोन्ही वेळा व हिशेबनिसाकडे केव्हा पोचली आणि तेथून केव्हा सुटली, त्याच्या वेळा. केंद्राच्या पट्टीवर वजन व भाव लिहिलेले असतात. त्यांच्या शेजारी या वेळा नोंदविल्या, तर एका हंगामात पुरेशी सामग्री जमा होते.